नदीकडे पाठ : एका ऐतिहासिक कादंबरीतील नायिकेच्या सावरण्याचा प्रकरण अभ्यास

हा प्रकरण अभ्यास एका मराठी कादंबरीच्या हस्तलिखिताविषयी आहे. मी त्या हस्तलिखितावर संपादक म्हणून पावणेदोन वर्षे काम केले. लेखिकेच्या परवानगीने हे लिहीत आहे. त्यांचे आणि कादंबरीचे नाव, तसेच ओळख पटेल असे इतर तपशील गाळले किंवा बदलले आहेत. नायिकेला मी येथे हॅना म्हणेन. कादंबरीत तिचे नाव वेगळे आहे. लहानपणी मनाने घेतलेला धसका घेऊन जगणारी बाई दीडशे वर्षांपूर्वीच्या माळरानावर कशी सावरली असेल, आणि तिचे सावरणे आजचे शब्द तिच्या तोंडी न घालता कसे लिहायचे, हा या कामातला मुख्य प्रश्न होता. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांना आणि संपादित करणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, म्हणून त्याची उत्तरे आम्ही कशी शोधली आणि कोठे चुकलो, ते सविस्तर मांडत आहे.

पार्श्वभूमी

लेखिका मूळच्या मराठवाड्यातल्या. लग्नानंतर त्या अमेरिकेत गेल्या आणि वीसहून अधिक वर्षे नेब्रास्का राज्यात राहत आहेत. त्या राज्यात बिअट्रिस गावाजवळ होमस्टेड कायद्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. एका अविवाहित स्त्रीच्या नावाने झालेल्या जमिनीच्या दाव्याचे जुने कागद त्यांनी पाहिले आणि ‘एकट्या बाईने या माळावर पाच वर्षे काढली कशी’ या प्रश्नातून कादंबरी सुरू झाली.

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या या कायद्यानुसार एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर दावा सांगता येत असे, आणि त्यात अविवाहित व विधवा स्त्रियाही होत्या. सगळे शुल्क मिळून अठरा डॉलरच्या आसपास जात असे. पाच वर्षे तेथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची, आणि मग साक्षीदारांसह पुरावा द्यायचा, अशी अट होती. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला मात्र स्वतःच्या नावावर असा दावा करता येत नसे. अमेरिकेत ज्यांना पायोनियर म्हणतात त्या पहिल्या पिढीच्या वसाहतकरी स्त्रियांपैकी ज्यांच्या नावावर सातबारा झाला, असे आपल्या भाषेत म्हणता येईल, त्या बहुतेक म्हणूनच एकट्या होत्या.

कादंबरीचा दुसरा धागा तथाकथित अनाथगाड्यांचा आहे. चार्ल्स लॉरिंग ब्रेस यांनी १८५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन केली, आणि १८५४ पासून १९२९ पर्यंत तिने व तिच्यासारख्या संस्थांनी सुमारे दोन लाख मुले रेल्वेने शहरांतून पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवली. यातली सगळी मुले अनाथ नव्हती; अनेकांचे आईवडील हयात होते, फक्त गरीब होते. गावातल्या चर्चमध्ये किंवा सभागृहात मुलांना ओळीने उभे करत. घर शोधणारे चांगले लोक येत, तसे फुकटचा गडी शोधणारेही येत, आणि असे लोक मुलांचे दंड दाबून पाहत. भावंडे एकाच घरात जातील याची कोणतीही हमी नसे.

हॅना ही अशीच पाठवलेली मुलगी. १८७० मध्ये ती आठ वर्षांची आहे आणि तिचा भाऊ पाच वर्षांचा. वाटेत एका ठिकाणी भावाला कोणीतरी घेऊन जाते, ती पुढे जाते आणि एका शेतावर घरकामाला जुंपली जाते. १८८४ मध्ये ती नेब्रास्काच्या मध्यभागी असलेल्या कस्टर काउंटीत स्वतःच्या नावाने दावा दाखल करते. कादंबरीचा मुख्य काळ तेथून १८८९ पर्यंतचा आहे.

अडचण

पहिला खर्डा चारशे पानांचा होता आणि त्यातले माळरान उत्तम उतरले होते. गवताच्या मुळांनी विणलेल्या मातीचे लांबट ठोकळे नांगराने कापून उभे केलेले सॉडचे घर, पाऊस थांबल्यावरही दोन दिवस गळत राहणारे त्याचे छप्पर, लाकूड नसल्यामुळे वेचून आणलेले गुरांचे वाळलेले शेण, हे सगळे लेखिकेने पाहिल्यासारखे लिहिले होते. त्या शेणासाठी त्यांनी वापरलेला ‘रानशेणी’ हा शब्द वाचून मला या कादंबरीची भाषा सापडली असे वाटले होते.

हॅनाचे मन मात्र त्या घरात राहत नव्हते. पहिल्या खर्ड्यातली हॅना स्वतःविषयी आजच्या समुपदेशकाच्या खोलीत बसल्यासारखी विचार करत होती. तिला ‘ट्रॉमा’ होता, गाडीची शिट्टी हा तिचा ‘ट्रिगर’ होता, आणि एका ठिकाणी ती स्वतःला क्षमा करण्याचा निश्चय करत होती. आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत नाव दिले १९८० मध्ये. हॅनाच्या काळी गृहयुद्धातून परतलेल्यांच्या छातीत होणाऱ्या धडधडीवर जेकब द कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहिले होते आणि शहरातल्या सुखवस्तू लोकांच्या थकलेल्या मज्जातंतूंना जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरस्थेनिया’ हे नाव दिले होते. पण माळावरच्या मोलकरणीपर्यंत यातले काही पोचलेले असण्याचा संभव नव्हता. तिच्याजवळ तिच्या दुखण्यासाठी शब्दच नसणार, हे आम्ही दोघींनी सुरुवातीला लक्षात घेतले नव्हते.

दुसरी अडचण अधिक मोठी होती. हॅना एका रात्रीत बरी होत होती. १२ जानेवारी १८८८ चे हिमवादळ या भागाच्या इतिहासातली खरी घटना आहे. त्या सकाळी हवा उबदार होती, मुले साध्या कपड्यांत शाळेला गेली होती, आणि बर्फाची भिंत अचानक आली. त्यात सुमारे २३५ माणसे गेली असे मानले जाते आणि त्यात शाळकरी मुले इतकी होती की ते वादळ मुलांच्या नावानेच ओळखले जाते. खर्ड्यात हॅना या वादळात शेजारच्या एका मुलाला वाचवते, त्याच्यात तिला आपला भाऊ दिसतो, आणि प्रकरणाचे शेवटचे वाक्य असे होते : ‘त्या क्षणी तिच्या मनावरचे अठरा वर्षांचे ओझे उतरले आणि ती मोकळी झाली.’ पुढच्या चाळीस पानांत तिचा भाऊ योगायोगाने सापडत होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच वादळ ठेवण्याचा होता. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. शेजारच्या व्हॅली काउंटीतल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर काढले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतले. म्हणजे अशी नायिका त्या काळाला अपरिचित नव्हती, आणि वाचकालाही कळस हवा असतो. माझी हरकत अशी होती की कोणाला तरी वाचवल्यामुळे आपल्याला न वाचवले गेल्याचे दुःख फिटते, हा हिशेब कादंबरीला सोयीचा असला तरी माणसाच्या मनाला तो लागू पडत नाही.

दुसरा पर्याय भावाच्या भेटीचा. लेखिकेला तो फार प्रिय होता. तिसरा, एका सहृदय शेजाऱ्याशी लग्न लावून देण्याचा, आम्ही एका संध्याकाळी चर्चा करून बाजूला ठेवला, कारण त्या लग्नाने तिच्या जमिनीचा आणि सावरण्याचा असा दोन्हींचा मालक तो शेजारी झाला असता. चौथा पर्याय कळसच काढून टाकण्याचा होता : तिच्या रोजच्या कामांतून, पाच वर्षांच्या अवधीत, जवळजवळ नकळत होणारे सावरणे लिहिण्याचा. तो मला पटत होता, पण चारशे पाने वाचक कशाच्या बळावर वाचेल याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते उत्तर आम्हाला एका चुकीतून मिळाले.

पहिला निर्णय : पूल की फेरीबोट

खर्ड्यात ताटातुटीचा प्रसंग मिसुरी नदीवरच्या रेल्वेपुलावर होता. आयोवा राज्याच्या बाजूला काउन्सिल ब्लफ्स येथे भावाला उतरवून घेतात, गाडी सुटते, पुलावरून धडधडत ओमाहाकडे जाते आणि हॅना खिडकीतून ओरडत राहते, असे ते चित्र होते. सन तपासताना ध्यानात आले की ओमाहाचा तो पूल १८७२ मध्ये सुरू झाला. १८७० मध्ये प्रवाशांना गाडीतून उतरून वाफेवर चालणाऱ्या फेरीबोटीने नदी ओलांडावी लागत असे.

सोपा उपाय कथानक दोन वर्षे पुढे ढकलण्याचा होता, आणि मी तोच सुचवला होता. लेखिकेने ऐकले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते. त्या आठवड्याभरात त्यांनी प्रसंग नव्याने लिहून पाठवला. त्यात कोणी ओरडत नाही. बोटीची फळी ओली आहे, हॅनाच्या हातात भावाची टोपी राहिली आहे, आणि काठ व बोट यांच्यामधले पाणी रुंदावत जाते. भाऊ काठावर हात करून उभा आहे. त्याला वाटते आहे की बोट परत येईल. एवढेच, दीड पान.

त्या दीड पानाने कादंबरीचा आराखडा बदलला. गाडीची शिट्टी गेली आणि पाणी आले, आणि मग एक गोष्ट आपोआप उलगडली जी खर्ड्यात आधीपासून होती पण आम्हाला दिसली नव्हती. हॅनाची जमीन नदीपासून दूर, उंच पठारावर होती. कस्टर काउंटीच्या अशा पठारांवर पाणी शेकडो फूट खोल असे आणि विहीर खणण्याची ऐपत नसलेले लोक मैलोगणती अंतरावरून पिंपे भरून पाणी आणत. खोऱ्यातली, मिडल लूप नदीजवळची जमीन शिल्लक असताना शहाणी बाई पठारावर दावा का करील, असा प्रश्न मी समासात लिहून ठेवला होता. आता त्याचे उत्तर मिळाले : तिला पाणी वाहताना दिसायला नको होते. तिने आपला धसका १६० एकरांच्या कागदावर नोंदवून घेतला होता आणि ती ‘उंचावर वारा चांगला असतो’ असे लोकांना सांगत होती.

येथे आम्ही ठरवले की निवेदनात आघाताला नाव द्यायचे नाही. वाचकाला तो हॅनाच्या निवडीतून दिसेल. आणि सावरणे म्हणजे काय, याचेही मोजमाप ठरले : ती पाणी कोठून आणते.

दुसरा निर्णय : किती दुःख पुरेसे

या टप्प्यावर माझ्याकडून एक चूक झाली, आणि या अभ्यासातला तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेरीबोटीचे दीड पान मला आवडले होते, तरी मी समासात लिहिले : ‘येथे दुःख कमी पडते आहे. भावाचा चेहरा, त्याचे शब्द, हॅनाच्या मनातले विचार वाढवावेत.’ त्यानंतर चार महिने लेखिकेकडून काहीही आले नाही. मी दोन वेळा लिहिले, उत्तर नाही. पाचव्या महिन्यात त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही ज्याला कमी म्हणता, मला तेवढेच आठवते.’

सातव्या वर्षी, आई गेल्यावर, त्यांना मामाकडे ठेवले होते आणि धाकटा भाऊ वडिलांकडे राहिला होता. एसटीच्या खिडकीतून दिसलेले त्याचे कोपर आणि हातातली पिशवी याखेरीज त्यांना त्या दिवसाचे काहीही आठवत नाही. मराठवाड्यातल्या त्या मामाच्या गावी उन्हाळ्यात कोसभरावरून पाणी आणावे लागे. पिंप, गोणपाट, डुचमळणारे पाणी हे सगळे नेब्रास्काच्या कागदपत्रांतून आले नव्हते. हा तपशील त्यांनी स्वतः येथे लिहायला सांगितला आहे.

मग आमच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. काम थांबवावे का? मी तसे सुचवले. त्यांनी थोडा विचार करून नकार दिला, पण एक अट घातली : त्या प्रसंगातला एकही शब्द वाढणार नाही. मी दुसरी अट घातली की पुढची सर्व पाने माझ्याआधी आणखी एका व्यक्तीने वाचावीत. बालगृहातील मुलांबरोबर अनेक वर्षे समुपदेशनाचे काम केलेल्या एका बाईंनी ते मान्य केले. त्यांनी दिलेल्या सूचना थोड्या आणि नेमक्या होत्या. ज्या मुलाला घडलेले सलग आठवत नाही, त्याच्या तोंडी सलग कहाणी घालू नका, असे त्या म्हणाल्या. हॅनाला कोणी समजावू नये, विशेषतः नदीकाठी नेऊन ‘बघ, काही होत नाही’ असे कोणी म्हणू नये. आघातातून सावरण्याचे ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे, म्हणजे सुरक्षितता, आठवण व शोक, आणि पुन्हा नाती जोडणे, त्यांनी आम्हाला समजावून सांगितले आणि लगेच बजावले की ही शिडी नाही; माणूस पुढे जातो, मागे येतो, आणि कादंबरीत मागे येणेही दिसले पाहिजे.

तिसरा निर्णय : ऐकणारे कोण

पहिल्या खर्ड्यात एक समंजस शेजारीण होती. ती हॅनाला सुविचार सांगत असे. समुपदेशक बाईंच्या सूचनेनंतर तिला ठेवायचे कसे, हा पेच पडला. लेखिकेने शोधलेला मार्ग मला आजही कादंबरीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्या परिसरात बोहेमियातून आलेली चेक कुटुंबे स्थायिक होत होती. नव्या खर्ड्यात शेजारीण चेक झाली आणि तिला इंग्रजी येईनासे झाले. दोघी मिळून पाणी आणायला जातात, कारण बैलगाडी एकीची आणि पिंपे दुसरीची. पिंपाच्या तोंडावर ओले गोणपाट ताणून कडे ठोकायचे, म्हणजे हिंदकळून पाणी सांडत नाही, हे काम दोन माणसांचे. अशाच एका खेपेत, गोणपाट ओढून धरलेले असताना, हॅना पहिल्यांदा भावाविषयी बोलते, आणि ती ज्या बाईशी बोलते तिला एक शब्दही कळत नाही. शेजारीण कडे ठोकत राहते. हॅना थांबली की तीही थांबते, आणि हॅना पुन्हा बोलू लागली की हातोडी चालू होते.

हॅनाला सल्ल्याची गरज नव्हती, आणि सल्ला देणे जिला शक्यच नाही अशी श्रोती मिळाल्यामुळे ती बोलू शकली. त्यानंतरच्या खेपांमध्ये काय बदलते ते लेखिकेने तीन लहान नोंदींत दाखवले आहे. पहिल्या वेळी हॅना नदीकडे पाठ करून पिंप धरते. मधल्या काळात महिनाभर ती जातच नाही आणि पावसाचे साठवलेले पाणी गाळून पिते. शेवटच्या नोंदीत ती बादली बुडवण्यासाठी वाकलेली आहे आणि पाण्याकडे तिचे तोंड आहे, असे वाक्य ओघात येऊन जाते. त्याला वेगळा परिच्छेदही दिलेला नाही. वादळाचे प्रकरण ठेवले, पण त्यात हॅना कोणालाही वाचवत नाही. ती आपल्या घरात अडकून पडते, आणि तीन दिवसांनी दार उघडल्यावर शेजारणीचे कुटुंब जिवंत आहे का ते पाहायला चालत जाते.

भाषेचा प्रश्नही याच सुमारास सुटला. पंडिता रमाबाई १८८६ पासून अडीचेक वर्षे अमेरिकेत होत्या आणि त्या देशाच्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये, म्हणजे हॅना आपला पुरावा देते त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून आलेल्या बाईने अमेरिकेविषयी मराठीत कसे लिहिले, हे आम्ही त्या पुस्तकात पाहिले. लेखिकेने त्यातली वाक्ये घेतली नाहीत. पण तिकडच्या वस्तू आणि व्यवहार यांच्याविषयी मराठीत संकोच न बाळगता लिहिता येते, हा धीर त्यातून मिळाला. ‘ट्रॉमा’ गेला. ‘धसका’, ‘सल’, ‘मनाने घेतले’ एवढ्या शब्दांत काम भागले.

चौथा निर्णय : जमीन कोणाची होती

या मुद्द्यावर आमचे सर्वाधिक मतभेद झाले. पहिल्या खर्ड्यात माळ ओसाड होता. प्रत्यक्षात लूप नद्यांचे खोरे पॉनी या मूळनिवासी जमातीचे होते. नदीचे नाव फ्रेंच भाषेतल्या लांडग्यावरून पडले आहे आणि ते तेथल्या स्किडी या पॉनींच्या एका शाखेच्या नावाशी जोडलेले आहे. हॅना तेथे येण्याच्या दहा वर्षे आधी पॉनींना दक्षिणेकडच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले होते. आणि ज्या वर्षी तिने दावा दाखल केला त्याच १८८४ मध्ये, त्यांच्या पूर्वीच्या राखीव जमिनीवर जेनोआ येथे, मूळनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. ती १९३४ पर्यंत चालली. मुलांना घरापासून तोडून तेथे आणले जाई, त्यांचे केस कापले जात, त्यांच्या भाषेवर बंदी असे.

लेखिकेचे म्हणणे असे की हॅनाला यातले काही कळणे शक्य नव्हते आणि आजची जाणीव तिच्यावर लादू नये; आपण तिच्या मनाबाबत हाच नियम पाळला आहे. माझे म्हणणे असे की तिला समजले नाही तरी दिसले असते. ओमाहातल्या १८७९ च्या खटल्याचा विचारही झाला, ज्यात आपल्या मुलाच्या अस्थी मायभूमीत नेण्यासाठी निघालेल्या, पोंका या मूळनिवासी जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांना न्यायाधीश डंडी यांनी कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ मानले. तो आम्ही सोडून दिला. तो इतका मोठा आहे की दुसऱ्याच्या कादंबरीत शोभेपुरता आणणे मला योग्य वाटले नाही.

अखेर एक प्रसंग ठरला. हॅना जेनोआच्या स्थानकावर गाडी बदलण्यासाठी थांबली आहे आणि एका डब्यातून मुले ओळीने उतरतात. ती नकळत मोजू लागते. एका मोठ्या मुलीने लहान मुलाचे मनगट धरले आहे. बोटे पांढरी पडतील इतके घट्ट. हॅना त्यांच्याकडे जात नाही, कोणाला काही विचारत नाही, आणि घरी परतल्यावर आठवडाभर नदीवर जात नाही.

शेवटचा निर्णय : नाव आणि पुरावा

भावाचे काय, हे उरले होते. अनाथगाड्यांमधून विखुरलेली अनेक भावंडे पुन्हा कधीच भेटली नाहीत, म्हणून योगायोगाची भेट काढून टाकायची, यावर आता लेखिकाही राजी होत्या. पण वाचकाला तसेच सोडून देणे त्यांना कठोर वाटत होते. मार्ग होमस्टेडच्या कागदांत सापडला. १८७९ नंतरच्या नियमाप्रमाणे पुरावा देण्याआधी दावेदाराला आपल्या नावाची आणि साक्षीदारांच्या नावांची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणावी लागे. ज्या कुटुंबात हॅना वाढली त्यांचे आडनाव तिला चिकटले होते. दावा मात्र तिने न्यूयॉर्कहून निघतानाच्या, भावाबरोबरच्या, आडनावाने दाखल केलेला असतो, हे वाचकाला सूचना छापली जाते तेव्हा कळते. ती त्या अंकाच्या दोन प्रती विकत घेते. एक जपून ठेवते आणि दुसरी काउन्सिल ब्लफ्सच्या पोस्टमास्तरांना पाठवते. उत्तर येत नाही, आणि कादंबरी उत्तराची वाट पाहत थांबत नाही.

पुराव्याच्या दिवशी छापील अर्जातले प्रश्न तिला विचारले जातात. वय किती, घर केव्हा बांधले, किती एकर कसली, आणि जन्म कोणत्या राज्यातला. या शेवटच्या प्रश्नावर ती अडते, कारण तिला ते ठाऊक नाही. लिहिणाऱ्याची लेखणी हवेत थांबते. साक्षीला आलेली चेक शेजारीण दुभाष्याकडून विचारते की काय झाले, आणि मग तिला जेवढे सांगता येते तेवढे सांगते : ही बाई पाच वर्षे येथे राहिली, मी पाहिले आहे.

निष्पत्ती

कादंबरी २९० पानांची होऊन प्रसिद्ध झाली. नदीवरच्या नोंदींविषयी आलेली पत्रे आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त होती. एका बालगृहात वाढलेल्या वाचक बाईंनी लिहिले की हॅना महिनाभर पावसाचे पाणी गाळून पिते त्या पानावर त्यांनी पुस्तक मिटून ठेवले आणि दोन दिवसांनी पुढे वाचले. भाऊ न सापडल्याबद्दल रागावलेलीही पत्रे आली, आणि वादळ फुकट गेले असे एका समीक्षकाने म्हटले. वादळाबाबत मला त्यांचे थोडे पटते. त्या प्रकरणात हॅनाची तीन दिवसांची कोंडी आम्ही घाईने उरकली.

जेनोआच्या प्रसंगावर आलेली टीका अधिक गंभीर होती. एका अभ्यासक वाचकाने लिहिले की पॉनींची भूमी आणि ती मुले या कादंबरीत एका गोऱ्या स्त्रीच्या जखमेला आरसा दाखवण्यापुरती येतात आणि निघून जातात. मनगट धरलेल्या त्या मुलीचे काय झाले, हे विचारायला कादंबरी थांबत नाही. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. प्रसंग नसता तर कादंबरी खोटी झाली असती, आणि जसा आहे तसा तो अपुरा आहे.

वेगळे काय करता आले असते

समुपदेशक वाचक पहिल्या खर्ड्यापासून असायला हवी होती. ज्या लेखनाचा विषयच बालपणीचा आघात आहे, तेथे लेखिकेशी त्याचे वैयक्तिक नाते असू शकते हे मी गृहीत धरायला हवे होते, आणि तसे थेट विचारण्याची गरजही नव्हती. ‘या प्रसंगावर टिपणे कशी दिलेली चालतील’ एवढे विचारले असते तरी चार महिन्यांचा तो अबोला टळला असता. आता कोणत्याही हस्तलिखिताच्या आरंभी मी हा प्रश्न विचारते.

सन आणि स्थळ यांची तपासणी आम्ही खर्डा पूर्ण झाल्यावर केली. ती प्रसंग लिहिण्याच्या वेळीच झाली असती, तर पुलावरच्या दृश्यावर आधारलेली साठेक पाने लिहून फाडावी लागली नसती. जेनोआच्या संदर्भात तर फक्त कागदपत्रे पुरेशी नव्हती. पॉनी समाजातील कोणाशी तरी बोलायला हवे होते, आणि लेखिका त्याच राज्यात राहत असताना आम्ही तो प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी सुरू आहे. वादळाचे प्रकरण लेखिका पुन्हा लिहीत आहेत. जेनोआच्या प्रसंगाबाबत त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला आहे, आणि ते उत्तर येईपर्यंत त्या पानांना हात लावायचा नाही असे आमचे ठरले आहे. फेरीबोटीचे दीड पान तसेच राहणार आहे.